बॅटरी बदलल्यावर डेड झालेला रेडमी नोट ८: दुरुस्तीच्या नोंदी, कोल्हापूर

८ जुलै

फोन शाहूपुरीतल्या एका किराणा दुकानातला. बॅटरी बीएन४६, ४००० एमएएच, ३.८५ व्होल्ट, चार्जची वरची मर्यादा ४.४ व्होल्ट. जुनी बॅटरी फुगून मागची काच उचलत होती, म्हणून घरीच बदलली. बदलल्यापासून फोन डेड. मग "बॅटरीच खराब निघाली" असं समजून दुसरी आणली, तीही चालली नाही. आता फोनसोबत दोन नव्या बॅटऱ्या आहेत आणि दोन्हीवर शून्य व्होल्ट. उधारीची नोंद आणि घरचे फोटो याच फोनमध्ये असल्याने नवा फोन घेऊन प्रश्न सुटणार नाही.

उघडण्याआधी बाहेरून केलेल्या तपासण्या:

पॉवरचं बटण २० सेकंद दाबून धरलं, काही नाही. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र, तरी थरथर नाही. फोनवर कॉल लावला तर "बंद आहे". म्हणजे फक्त डिस्प्ले गेलाय आणि आत फोन चालू आहे, असा प्रकार नाही. ही शंका आधी मिटवावी, कारण बॅटरी बदलताना डिस्प्लेची पट्टी (लवचिक केबल) नीट न बसणं हे अगदी नेहमीचं आहे आणि तेव्हा फोन डेड वाटतो, पण असतो चालू.

चार्जर आणि फोन यांच्यामध्ये यूएसबी मीटर लावला. ५.१ व्होल्ट, ०.०७ अँपिअर. अर्ध्या तासानेही तोच आकडा. हा आकडा बरंच सांगतो. ०.०० असता तर चार्जिंगचा छोटा बोर्ड किंवा तिथून वर जाणारी लांब पट्टी सुटलेली असण्याची शक्यता जास्त. ही पट्टी बॅटरीवरूनच जाते, त्यामुळे बॅटरी काढताना ती काढावीच लागते आणि परत बसवताना एक बाजू हुकते. ०.०७ वर अडकणं म्हणजे वीज आत पोहोचतेय, चार्जिंगची आयसी (चार्ज सांभाळणारी चिप) जागी आहे, पण तिला बॅटरीच्या लाइनवर जवळजवळ शून्य व्होल्ट दिसतात. अशा वेळी ती मोठा प्रवाह सोडत नाही, नुसता थेंब थेंब देत राहते.

९ जुलै

आधी बॅटऱ्या पाहिल्या. लिथियम बॅटरीच्या डोक्यावर पिवळ्या टेपखाली छोटं संरक्षक सर्किट असतं. सेलचा व्होल्ट फार खाली गेला किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ते बाहेरची वाट बंद करतं. मग कनेक्टरवर शून्य दिसतं, पण आतला सेल धडधाकट असू शकतो.

दोन्ही बॅटऱ्यांची टेप कडेने थोडी उचलून थेट सेलच्या पत्र्यांवर मोजलं: एकावर ३.७४, दुसऱ्यावर ३.८१ व्होल्ट. म्हणजे दोन्ही सेल उत्तम, फक्त संरक्षण पडलेलं. टेप उचलताना धातूचा चिमटा वापरू नका. दोन पत्र्यांमध्ये दोन मिलिमीटरचंही अंतर नसतं आणि सेल थेट शॉर्ट झाला तर तिथं वाचवणारं काही नाही.

इथे एक मर्यादा पाळावी. सेलवर २.५ व्होल्टपेक्षा कमी दिसलं आणि तो बराच काळ तसा पडून असेल, तर त्याला उठवू नये. इतक्या खाली आतलं तांबं विरघळू लागतं आणि परत चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. दुकानात अशा बॅटरीलाही बूस्टर (पडलेली बॅटरी उठवणारं यंत्र) लावून "झाली चालू" म्हणतात. ती घेऊ नये.

डीसी सप्लाय (व्होल्ट आणि प्रवाह ठरवून देता येणारं यंत्र) ४.२ व्होल्टवर, प्रवाह ०.१ अँपिअरवर बांधून कनेक्टरला दिला. दोन्ही बॅटऱ्या काही सेकंदात उठल्या. काही संरक्षक सर्किटं भार काढला की आपोआप परत चालू होतात, काहींना चार्जरचा असा धक्का लागतो. या दुसऱ्या प्रकारच्या.

उठलेली बॅटरी फोनला लावली. काही नाही. लगेच काढून मोजली तर परत शून्य.

इथंच दोन बॅटऱ्यांचं कोडं सुटलं. बॅटरी फोनला मारत नव्हती, फोन बॅटरीला पाडत होता. नवी बॅटरी फोनबाहेर ३.८ दाखवत असेल आणि लावून काढल्यावर शून्य, तर तिसरी बॅटरी आणायला जाऊ नका. बोर्डवर शॉर्ट आहे. आणि तीच बॅटरी पुन्हा पुन्हा लावून पाहणंही थांबवा. दर वेळी संरक्षक सर्किट मोठा प्रवाह तोडतं आणि एखाद्या वेळी ते तोडणार नाही.

१० जुलै

दुपारपासून वीज नाही, पाऊस. काम बंद. फक्त भिंगाखाली बोर्ड पाहिला. दहापटीचं भिंग आणि टोकदार चिमटा मोबाईलच्या दुकानापेक्षा गुजरीत सोनारांची हत्यारं मिळतात तिथं चांगला मिळतो, हे इथल्या लोकांनी लक्षात ठेवावं.

बोर्डवर हिरवा-पांढरा थर कुठेही नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरानंतर कोल्हापुरात पाण्यातून निघालेले फोन ज्यांनी उघडले त्यांना तो थर ओळखीचा आहे. कनेक्टरच्या पिना आणि शील्डच्या (चिपांवरच्या पत्र्याच्या झाकणाच्या) कडा आधी खाल्ल्या जातात. इथं सगळं कोरडं आणि चकचकीत, म्हणून पाण्याचा संशय सोडला. बॅटरी कनेक्टरच्या बाजूला बोर्डवर एक बारीक, चकाकणारा ओरखडा मात्र दिसला.

११ जुलै

मल्टिमीटर डायोड मोडवर. लाल टोक बोर्डच्या ग्राउंडला (मायनसला) म्हणजे शील्डच्या पत्र्याला, काळं टोक बॅटरी कनेक्टरच्या प्लसला. उलटं वाटतं, पण बरोबर हेच: अशाने आयसींच्या आतले डायोड सरळ दिशेने मोजले जातात. चांगल्या बोर्डवर या लाइनला साधारण ०.३ ते ०.५ व्होल्ट दिसतं. इथं ०.००१. पूर्ण शॉर्ट.

मग ओहमवर मोजलं. दोन टोकं एकमेकांना लावून तारांचा रोध ०.२ आला, तो वजा करून लाइनचा रोध ०.३ ओहम. हा आकडा लिहून ठेवावा, पुढे लागतो.

लगेच बोर्डला उष्णता द्यायची नाही. आधी बोर्डला जोडलेल्या वस्तू एकेक करून सोडवल्या आणि दर वेळी मोजलं: खालच्या चार्जिंग बोर्डची पट्टी, डिस्प्ले, पुढचा-मागचा कॅमेरा, बोटाच्या ठशाचा सेन्सर, बाजूच्या बटणांची पट्टी. शॉर्ट अनेकदा खालच्या बोर्डवर किंवा बॅटरीखाली चिमटलेल्या पट्टीत असतो, आणि तेव्हा काही रुपयांच्या पट्टीत काम होतं. इथं सगळं सोडवूनही ०.००१. म्हणजे शॉर्ट मुख्य बोर्डवरच.

आणखी एक गोष्ट याच वेळी पाहिली: स्क्रू. या फोनमध्ये लांब आणि आखूड असे दोन्ही स्क्रू आहेत. आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू फिरवला तर तो बोर्डच्या आतले थर फाडतो, आणि ते नुकसान बहुतेक वेळा दुरुस्त होत नाही. सगळी भोकं भिंगातून पाहिली, शाबूत आहेत. काढताना स्क्रू कागदावर फोनचं चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवले की हा प्रश्नच येत नाही.

१२ जुलै

शॉर्टची जागा शोधायची पद्धत: शॉर्ट झालेल्या लाइनवर कमी व्होल्टने प्रवाह सोडायचा. जिथे शॉर्ट तिथे उष्णता.

सप्लाय १ व्होल्टवर, प्रवाह १ अँपिअरवर बांधला. १ व्होल्टच का, ते महत्त्वाचं आहे. बॅटरीच्या लाइनला ४ व्होल्टपर्यंत चालतात, पण लाइन ओळखण्यात चूक झाली आणि तो व्होल्ट प्रोसेसरच्या लाइनवर गेला तर फोन संपला. १ व्होल्टला सहसा दुसरं काही जागं होत नाही आणि काही जळत नाही. मायनस शील्डला, प्लस कनेक्टरजवळच्या मोठ्या कपॅसिटरच्या (वीज क्षणभर साठवून व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) प्लस टोकाला बारीक तार डाखून. कनेक्टरच्या पिनांना चिमटे लावू नका, पिना वाकतात.

सप्लायवर ०.४ व्होल्ट, १ अँपिअर. लाइनचा ०.३ ओहम आणि तारांचा ०.१, हिशोब जुळला. पण बोर्डवर खर्च होणारी शक्ती जेमतेम ०.३ वॉट. बोटाला काही कळत नाही.

आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ९९ टक्के बोर्डवर पसरून कुठे आधी सुकतं ते पाहिलं. इथं अल्कोहोलने वेळ खाल्ला. पॉवर आयसीवरच्या शील्डची अख्खी कड एकदम सुकत होती, त्यामुळे शॉर्ट शील्डच्या आत असावा असं वाटलं, आणि दुपार ते झाकण काढण्यात गेली. आत सगळं थंड. कारण असं: शॉर्ट शील्डच्या बाहेर, पण कडेला अगदी चिकटून होता आणि पत्र्याने उष्णता ओढून सगळ्या कडेवर पसरवली. पत्रा जवळ असेल तर अल्कोहोलवर विश्वास ठेवू नका. पंखाही बंद ठेवा. वाऱ्याने एका बाजूचं अल्कोहोल आधी उडतं आणि जागा चुकीची दिसते.

१३ जुलै

पद्धत बदलली. सोल्डरिंगची पिवळी राळ गरम आयर्नच्या टोकावर वितळवली की पांढरा धूर येतो. बोर्ड त्या धुरावर उलटा धरला. बोर्डवर पांढुरका पातळ थर बसला. खिडकी उघडी ठेवा, हा धूर छातीला चांगला नाही.

सप्लाय तोच १ व्होल्ट, प्रवाहाची मर्यादा २ अँपिअर. आता बोर्डवर साधारण १.२ वॉट. दोन-तीन सेकंदांत बॅटरी कनेक्टरच्या उजव्या कडेला एका कपॅसिटरवरचा पांढरा थर वितळून पारदर्शक झाला. फक्त त्या एकावर. सप्लाय बंद करून, राळ पुसून, परत धूर दिला आणि पुन्हा तोच. जागा पक्की.

भिंगाखाली त्या कपॅसिटरचा एक कोपरा उडालेला. आकार ०४०२, म्हणजे सुमारे १ मिलिमीटर लांब, अर्धा रुंद, तिळापेक्षाही लहान. १० तारखेला दिसलेला ओरखडा याच्याच शेजारून जातो.

कारण आता उघड आहे. बॅटरीचा कनेक्टर उचकटायला स्क्रूड्रायव्हर वापरला गेला आणि त्याचा टेकू या कपॅसिटरवर पडला. हे कपॅसिटर चिनी मातीसारख्या ठिसूळ थरांचे असतात, थरांच्या मध्ये धातू. तडा गेला की शेजारचे धातूचे थर एकमेकांना टेकतात आणि प्लस थेट ग्राउंडला जातो. कनेक्टर उचकटायला प्लास्टिकचीच पट्टी, तीही कनेक्टरच्या ज्या बाजूला सुटे भाग नाहीत त्या बाजूने. पट्टी नसेल तर जुन्या एटीएम कार्डाचा कापलेला तुकडा चालतो.

१४ जुलै

काढण्याआधी खात्री करून घेतली की हा भाग काढण्यासारखा आहे. नियम साधा: भागाचं एक टोक ग्राउंडला आणि दुसरं लाइनला असेल तर तो गाळणीचा कपॅसिटर, काढला तरी लाइन तुटत नाही. पण तो भाग लाइनच्या मध्येच बसलेला असेल, दोन्ही टोकं लाइनवर असतील, तर तो फ्यूज, कॉइल किंवा प्रवाह मोजणारा रेझिस्टर असू शकतो. तो उडवला तर फोन वेगळ्या कारणाने डेड होईल. शॉर्ट असताना दोन्ही टोकं ग्राउंडसारखीच वाजतात, म्हणून इथं बझर पुरत नाही. बोर्डवरची मांडणी पाहावी लागते: याच्या एका टोकाचा पॅड शील्डच्या पट्ट्याला थेट मिळतो.

हॉट एअर वापरलं नाही. कनेक्टरचं प्लास्टिक एक मिलिमीटरवर आहे आणि ३५० अंशांच्या हवेत ते आधी वितळेल. कनेक्टर वितळला की बदलणं हे याहून कितीतरी किचकट काम. त्याऐवजी कनेक्टरवर आणि शेजारच्या भागांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी टेप), कपॅसिटरवर थोडा फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट), आयर्न ३५० अंशांवर, टोकावर मुद्दाम मोठा थेंब सोल्डर. तो थेंब दोन्ही टोकांना एकदम टेकवला, तीन सेकंदांत कपॅसिटर थेंबात सरकून आला. पॅडवरचं जास्तीचं सोल्डर तांब्याच्या वेणीने उचललं. वेणी ओढायची नाही, सरळ वर उचलायची. ओढली की पॅड सोबत येतो.

बोर्ड थंड झाल्यावर डायोड मोड: ०.३८. शॉर्ट गेला.

नवा कपॅसिटर बसवायचा की नाही? याच लाइनवर आणखी बरेच कपॅसिटर समांतर आहेत, त्यामुळे एक नसला तरी फोन चालतो आणि पुष्कळ कारागीर तसाच सोडतात. इथं भंगार बोर्डवरच्या त्याच जागेवरचा काढून बसवला. मूळ जागेवरचाच घेतला की किंमत आणि व्होल्टची मर्यादा तपासत बसावं लागत नाही. भंगार बोर्ड नसेल तर अंदाजाने कुठलाही लावण्यापेक्षा जागा रिकामी बरी. बसवल्यावर परत मोजलं: ०.३८.

१५ जुलै

बॅटरीऐवजी आधी सप्लायवर चालवून पाहिला. ४.० व्होल्ट, मर्यादा २ अँपिअर, डिस्प्ले जोडलेला. बटण न दाबता ०.०० अँपिअर, म्हणजे गळती नाही. बटण दाबलं: ०.०८, मग ०.३, मग आकडा वरखाली नाचत ०.७ पर्यंत. हा नाच म्हणजे प्रोसेसर काम करतोय. आकडा ०.०८ वरच गोठला असता तर अजून काही बाकी आहे असं समजायचं. थरथर झाली, लोगो आला, मग फोन बंद. बॅटरीची ओळख पटवणारी पिन सप्लायला नसते म्हणून बंद झाला. यावर घाबरू नये.

बॅटरी लावली. पूर्ण चालू झाला. उधारीची नोंद आणि फोटो लगेच संगणकावर घेतले, बाकी सगळं नंतर.

चार्जर लावल्यावर नवा अडथळा. चार्ज होतोय असं चिन्ह येतं, पण टक्के वाढत नाहीत. डायलरमध्ये *#*#६४८४#*#* टाकून चाचण्यांची यादी उघडली. बॅटरीचं तापमान उणे तीसच्या आसपास. फोनला बॅटरी गोठलेली वाटतेय, म्हणून तो चार्ज नाकारतोय.

तापमान मोजणारा थर्मिस्टर बॅटरीत असतो. बॅटरीच्या कनेक्टरवर त्या पिनेपासून मायनसपर्यंत मोजलं: १०.४ किलोओहम, खोलीत २४ अंश. २५ अंशांना १० किलोओहमचा थर्मिस्टर असेल तर हा आकडा अगदी बरोबर. म्हणजे बॅटरी ठीक, जोड खराब. भिंगाखाली बोर्डवरच्या कनेक्टरची ती पिन खाली दबलेली दिसली. कधीतरी वाकडा कनेक्टर जोराने दाबला गेलाय. शिवणाच्या सुईने किंचित वर उचलली, आयपीए लावून मऊ ब्रशने साफ केली. तापमान २७ आलं, चार्ज सुरू.

कनेक्टर बसवताना दोन बोटांनी आधी जागेवर सरकवून पाहावा. बरोबर बसला की तो डुगडुगत नाही, मग एकाच दाबाने टक् आवाज येतो. आवाज नाही तर दाब वाढवू नका, उचलून परत जागा धरा.

१६ जुलै

बॅटरीची चाचणी. फोन पार संपवून, ५ व्होल्टच्या साध्या चार्जरवर, यूएसबी मीटर लावून १०० टक्क्यांपर्यंत. वेगवान चार्जर ९ व्होल्ट देतो आणि त्यात वाया जाणारी ऊर्जा वेगळी असते, म्हणून तुलनेला ५ व्होल्टच बरा. मीटरवर १६.२ वॉट-तास. छापील ४००० एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे १५.४ वॉट-तास सेलमध्ये जायला हवेत. चार्जिंगमध्ये सुमारे १५ टक्के वाया जातात असं धरलं तर सेलमध्ये गेले १३.८, म्हणजे साधारण ३६०० एमएएच. बाजारातल्या पर्यायी बॅटरीसाठी हे वाईट नाही. ३००० च्या खाली आलं तर परत करावी, आणि म्हणून बिल घ्यावंच.

चार्ज होताना बॅटरी ३६ अंशांपर्यंत गेली. ठीक.

१७ जुलै

मागची काच बसवली. जुना गोंद प्लास्टिकने खरवडून, आयपीएने पुसून, बी-७००० या गोंदाची बारीक रेघ कडेने. बोटाच्या ठशाच्या सेन्सरची पट्टी आखूड आहे. काच दाबण्याआधी ती जोडून ठसा चालतो का ते पाहून घेतलं. रबरांनी बांधून २४ तास ठेवला. दाबायला जड पुस्तकं ठेवू नका. काच एका बाजूला दबते आणि दुसरीकडे फट राहते.

बॅटरीखाली पूर्ण पृष्ठभागाला गोंद लावला नाही. दुतर्फी टेपच्या दोन उभ्या पट्ट्या पुरतात, आणि पुढच्या वेळी कडेने आयपीएचे थेंब सोडून पाच मिनिटांत बॅटरी निघते, स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

१८ जुलै

खर्च: पहिली बॅटरी ६५० रुपये, दुसरी ७०० रुपये, आयपीए आणि कॅप्टॉन टेप मिळून २३० रुपये, गोंद ९० रुपये. कपॅसिटर भंगार बोर्डवरचा, फुकट. सप्लाय, आयर्न, मीटर आधीचेच. यातली दुसरी बॅटरी लागलीच नसती, जर पहिली लावण्याआधी आणि काढल्यावर अशी दोनदा कनेक्टरवर मोजली असती. त्याला लागतो मल्टिमीटर, आणि कामचलाऊ मल्टिमीटर बॅटरीच्या निम्म्या किमतीत येतो.

ती दुसरी बॅटरी ३.८ व्होल्टवर ठेवली आहे, कनेक्टरवर टेप लावून. पूर्ण चार्ज करून ठेवली तर लवकर म्हातारी होते, रिकामी ठेवली तर संरक्षण परत पडतं. तीन-चार महिन्यांनी मोजून लागलं तर भरायची.

जुनी फुगलेली बॅटरी पहिल्या दिवसापासून पत्र्याच्या डब्यात, शिरोलीच्या फौंड्रीतून आणलेल्या कोरड्या वाळूत पुरलेली आहे. तिला भोक पाडून हवा काढायची कल्पना कुणी सांगितली तर ऐकू नका; ती हवा पेटते. घंटागाडीत टाकायची नाही, गाडीत दाबली गेली की कचऱ्यासकट पेट घेते. कनेक्टरवर टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची, आणि देताना फुगलेली आहे हे सांगून.